गेल्या तीन महिन्यांत

आत्याच्या जेवणाचं आमच्या नात्यागोत्यात कौतुक होतं. अर्धी पोळी, मूठभर भात, वाटीच्या तळाला जेमतेम हलेल एवढी आमटी, आणि मग ताटावर आडवा धरलेला तिचा तळहात, निळ्या शिरांचा, वाढणाऱ्याला थांबवणारा. "अन्न किती बेताचं हो यांचं!" असं पाहुणे म्हणायचे आणि कुणी गाण्याला दाद द्यावी तशी ती किंचित लाजायची. वाईच्या त्या जुन्या घरात दुपारी माजघराच्या झरोक्यातून उन्हाचा एक तिरपा पट्टा खाली उतरायचा, पाटाच्या कडेवरून सरकत सरकत तिच्या ताटापर्यंत पोचायचा, आणि तो पोचेपर्यंत तिचं जेवण आटोपलेलंही असायचं. रिकाम्या पितळी ताटावर ऊन पडायचं. भिंतीवर त्याचा एक पिवळा डाग थरथरत राहायचा.

कमी जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे आपण आदरानं बघतो. वासना सुटत चालली, असं म्हणतो. दुखरे दात, औषधांनी कडवट झालेली जीभ, एकटीसाठी स्वयंपाक करण्याचा कंटाळा, दोन घासांनीच गच्च होणारं पोट, यांतलं काहीही त्या ताटामागे असू शकतं. आपल्याला दिसतो तो विरक्तीचा रंग. ऐंशी ओलांडल्यावर आत्या बारीक होत गेली. हातातल्या बांगड्या मनगट सोडून कोपराकडे चढू लागल्या, साडीच्या निऱ्या दोनांनी वाढल्या, गालफडं आत गेली आणि डोळे मात्र मोठे, पाणीदार, कुठल्यातरी लांबच्या उजेडाकडे लागलेले दिसू लागले. संध्याकाळी समईपुढे बसली की तिचा चेहरा आतून उजळल्याचा भास व्हायचा. कातडी इतकी पातळ झाली होती की ज्योतीचा तांबूस रंग तिच्यातून आरपार येतोय असं वाटायचं. सुंदर दिसायची ती.

तेच फसवं होतं.

मग घाटाच्या पायऱ्या लांबल्या. गणपतीच्या देवळाकडून वर येताना ती मध्येच थांबायची आणि थांबण्याला काहीतरी निमित्त द्यायची: पाणी किती खाली गेलंय बघ, त्या पाकोळ्या बघ, तो दगड पूर्वी तिथं नव्हता. कृष्णेकडे तोंड करून उभी राहिलेली म्हातारी बाई बघणाऱ्याला भाविकच वाटणार. प्रत्यक्षात तिला दम लागलेला असायचा आणि पदराखाली छाती लहान लहान श्वासांनी हलत असायची. एकदा देवघरात उदबत्ती लावताना डोळ्यांपुढे अंधारी आली, ती तिथेच खाली बसली, आणि काडी विझेपर्यंत तिच्या बोटांना चटका लागल्याचंही तिला कळलं नाही. पुण्याला नेऊन इको केला. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप आकसली होती.

तीन पाकळ्या असतात तिथे. चंद्रकोरीच्या आकाराच्या, उजेडाकडे धरल्या तर पलीकडचं अंधूक दिसेल इतक्या तलम, दिवसाला लाखभर वेळा उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या, आईच्या पोटात पहिला ठोका पडला त्यानंतर लवकरच कामाला लागलेल्या आणि पुढे एकदाही न विसावलेल्या. निरोगी माणसात त्या उघडल्या की तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी होते. उतारवयात काहींच्या पाकळ्यांवर कॅल्शियमचे थर बसत जातात, त्या ताठरतात, एकमेकींपासून दूर व्हायला नकार देतात, आणि वाट एक चौरस सेंटिमीटरच्या आत आली की डॉक्टर 'सिव्हिअर' म्हणतात. तरुण डॉक्टरनं स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला. प्रत्येक ठोक्याबरोबर एक लांब, खरवडत जाणारा ध्वनी उठत होता, छातीत उजवीकडे वर सुरू होऊन मानेपर्यंत चढत होता. आत्या खिडकीबाहेर बघत शांत बसली होती आणि तिच्या आत कुणीतरी सतत एक गंजलेलं दार लोटत होतं.

या दाराचा हिशेब फार जुना आहे. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की ही झडप वर्षानुवर्षं मुकाट्यानं अरुंद होत राहते आणि माणूस हिंडत-फिरत राहतो. पण एकदा छातीत दुखणं, चक्कर किंवा दम यांतलं काही सुरू झालं, की उरलेला काळ सरासरी दोन ते पाच वर्षांत मोजावा लागतो. दमाचा काळ सगळ्यांत आखूड.

झडप बदलायची ठरली. छाती न उघडता, मांडीतल्या धमनीतून वर नेऊन. त्या कामासाठी सतरा तपासण्या चालू असताना एका दुपारी एक मुलगी खोलीत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात शिंप्याकडे असते तसली टेप.

"आजी, पाय खाली सोडून बसाल का जरा?"

ती आहारतज्ज्ञ होती. आत्याची पाठ वाकलेली, उंची धड मोजता येईना, म्हणून तिनं पोटरीचा घेर घेतला. ३१ सेंटिमीटर ही तिच्या कागदावरची रेघ; त्याखाली शून्य गुण. टेप २८वर थांबली. मी त्या पोटरीकडे बघत राहिले. लहानपणी नदीवरून कळशी घेऊन येणाऱ्या आत्याच्या मागोमाग चालताना माझ्या डोळ्यांच्या रेषेत तीच असायची, ओली, घट्ट, पायरीगणिक वर उचलली जाणारी, घोट्यावर नदीची वाळू चिकटलेली. आता तिथे कातडीची एक सैल घडी होती आणि मुलीची दोन बोटं टेपच्या आत सहज मावत होती.

"गेल्या तीन महिन्यांत जेवण कमी झालंय का, आजी?"

"नाही बाई. पहिल्यापासून एवढंच."

खोटं नव्हतं ते. मुलीनं 'घट नाही' या ओळीपुढे खूण केली आणि आत्याला त्या प्रश्नाचे पुरते दोन गुण मिळाले. सहा प्रश्न, १४ गुण. बारा किंवा वर असले तर ठीक, आठ ते अकरा म्हणजे कुपोषणाचा धोका, सात किंवा खाली म्हणजे कुपोषित. या प्रश्नावलीचा उगम फ्रान्समधल्या तूलूझचा, १९९०च्या दशकातला. आता ती जगभर म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी बसून विचारली जाते. वजन घटलंय का, ठाऊक नाही: एक गुण. घराबाहेर पडता का, फारसं नाही: एक. मोठा आजार, मोठा धक्का गेल्या तीन महिन्यांत? तसं काही नाही: दोन. डोकं शाबूत? आत्यानं मुलीलाच तिची तिथी विचारली: दोन. पोटरी: शून्य. बेरीज आठ झाली. 'पहिल्यापासून एवढंच' या दोन शब्दांनी तिला कुपोषित म्हणवून घेण्यापासून वाचवलं होतं.

तीन महिने. कागदावर तेवढ्याचीच जागा होती. माझ्या मनात मात्र वर्षं उलटी गळू लागली. काका गेल्यावर एकटीसाठी कुकर काय लावायचा म्हणून सकाळचंच रात्री खाणारी आत्या. तिच्या मागची, चातुर्मासात एकवेळ जेवणारी, सोमवार, संकष्टी, एकादशी धरणारी, मुलाच्या परीक्षेसाठी सोळा सोमवार आणि नवऱ्याच्या बदलीसाठी आणखी कुठलं तरी व्रत बोलणारी. तिच्याही मागची, १९७२च्या दुष्काळात रेशनच्या लालसर मिलोच्या भाकऱ्या थापणारी, पोरांच्या घशाखाली त्या उतराव्यात म्हणून वर गुळाचा खडा ठेवणारी आणि स्वतः गूळ लागलेलं बोट चाटून उठणारी. आणि अगदी तळाशी, अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेली एक उंच, सावळी, हसरी मुलगी, जी आधी पुरुषांची पंगत वाढायची, मग पोरांची, मग सासूबाई आणि थोरल्या जावा, आणि दुपार कलायला लागली की पातेल्याच्या कडेला चिकटलेली शितं ताकात कालवून, चुलीकडे पाठ करून, घाईघाईनं जेवायची. दुधावरची साय तिच्या वाट्याला कधी आली नाही. साय विरजणात जायची, विरजणातून लोणी, लोण्याचं तूप, आणि तूप पुरुषांच्या भातावर.

तिचे तीन महिने त्या दिवशीच सुरू झाले होते.

त्या आठवड्यांत मला फ्लॉरेन्समधला एक म्हातारा वारंवार आठवायचा. १५०७-०८च्या सुमाराला सांता मारिया नुओव्हा या रुग्णालयात तो खाटेवर बसलेला होता. आपण शंभरीचे आहोत असं त्यानं भेटायला आलेल्या माणसाला सांगितलं, आणि अंगात काहीच दुखत-खुपत नाही, फक्त अशक्तपणा आहे, असंही. थोड्या तासांनी, बसल्या जागी, काही हालचाल न करता, तो गेला. भेटायला आलेला माणूस लिओनार्दो दा विंची होता. इतका सुखाचा मृत्यू कशानं येतो ते पाहावं म्हणून त्यानं त्या देहाची चिरफाड केली, आणि हृदयाला पोसणारी रक्तवाहिनी त्याला सुकलेली, आक्रसलेली सापडली. पुढे त्यानं म्हाताऱ्यांच्या रक्तवाहिन्यांसाठी संत्र्याचा दाखला दिला: संत्रं जसजसं जुनं होतं तसतशी साल जाड होत जाते आणि गर कमी होतो. नळी जाड झाली, आतून पोषण पोचेना, देह वाळला. म्हातारपण म्हणजे आतून होणारी उपासमार, असंच जणू तो माणूस म्हणत होता.

आणि काही वर्षांनी तोच हात त्या तीन पाकळ्यांच्या झडपेपाशी थबकला. बैलाचं हृदय घेऊन, त्यात मेण ओतून, महाधमनीच्या मुळाचा काचेचा साचा करायचा आणि त्यातून पाण्याबरोबर गवताचं बी सोडून प्रवाह कसा वळतो ते पाहायचं, अशी युक्ती त्यानं आपल्या वहीत नोंदवली आहे. पाकळ्यांच्या मागच्या फुगीर कोनाड्यांत रक्त भोवऱ्यासारखं फिरतं आणि ते भोवरेच पाकळ्यांना हळुवार मिटायला लावतात, असं त्यानं रेखाटलं. चारशेहून अधिक वर्षांनी प्रयोगांत ते खरं निघालं. त्या रेखाटनांतले भोवरे मी रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात, मोबाइलच्या पडद्यावर, बोटांनी मोठे करून बघत बसायचे. बारीक, कुरळ्या, एकमेकींत गुंतलेल्या रेषा. पाणी, केस आणि रक्त यांत त्या माणसाला काही फरक वाटतच नसावा.

"काही होत नाही गं मला," आत्या आतून म्हणायची, "नुसता अशक्तपणा."

या अशक्तपणाला दोन्हीकडून खतपाणी मिळतं. झडप अरुंद झाली की हृदयाच्या मागे रक्त तुंबतं; आधी फुप्फुसांत, मग यकृतात, मग आतड्यांच्या भिंतींत. सुजलेल्या आतड्याला भूक लागत नाही, लागली तरी दोन घासांत भागते, आणि खाल्लेल्यातलं सगळं ते आत घेऊही शकत नाही. चावताना दम लागतो. मीठ बंद झालेलं असतं. आतल्या आत धुमसणारा दाह स्नायूंना हळूहळू खात राहतो. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट, जी एडवर्ड हाइड या अमेरिकी डॉक्टरानं १९५८ साली नोंदवली: अशा झडपेच्या माणसांच्या आतड्यातून नकळत रक्त झिरपतं. कारण पुढे कळलं. रक्त गोठवायला मदत करणारं एक लांबलचक साखळीचं प्रथिन त्या चिंचोळ्या फटीतून जाताना, वेगाच्या ताणानं, तुटून जातं. वर छातीत दार अडतं आणि खाली पोटात, कुणाला न दिसता, लोह गळत राहतं. झडप मोकळी केली की पुष्कळांचं हे झिरपणं थांबतं. देहात किती लांबच्या गोष्टी एकमेकींशी बोलत असतात!

मला आकड्यांचं फार प्रेम नाही, पण यातले काही आकडे रात्री झोपू देत नाहीत. २०१० साली 'पार्टनर' नावाच्या अभ्यासात, ज्यांची छाती उघडणं शक्यच नव्हतं अशा रुग्णांत, नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी निम्मे वर्षभरात गेले. मांडीतून झडप बसवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के. जीव वाचवणारी विद्या, यात शंकाच नाही. तरी त्या ३१ टक्क्यांपाशी मन अडखळतं. नवी झडप बसूनही ही माणसं का गेली? कॅनडा, अमेरिका आणि फ्रान्समधल्या १४ केंद्रांत सत्तरीच्या पुढच्या रुग्णांचा जो अभ्यास झाला, त्यात आत्याला विचारलेलेच सहा प्रश्न ११५८ जणांना विचारले गेले होते. २०१८ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. जवळजवळ नऊ टक्के कुपोषित, आणखी तेहेतीस टक्के त्या वाटेवर. नीट पोसलेल्यांत वर्षभरात दहा टक्के गेले. कुपोषितांत अठ्ठावीस.

झडप सगळ्यांची बदललेली होती.

याच मंडळींनी म्हाताऱ्या माणसाची ताकद ओळखण्यासाठी जी चाचणी ठरवली, तिच्यात चारच गोष्टी आहेत: हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठून बसणं, स्मृती, हिमोग्लोबिन, आणि रक्तातलं अल्ब्युमिन, जे ३.५च्या खाली नसावं. आत्याचा हात तिसऱ्यांदा उठताना खुर्चीच्या दांडीकडे गेला. झडप नेण्याची वाट मापायला काढलेल्या सीटी स्कॅनवर डॉक्टरनं सहज म्हणून कण्याच्या दोन्ही बाजूंचे सोआस स्नायू दाखवले. करड्या पडद्यावर दोन फिकट बेटं, कडा झिजलेली. माणूस उठतो, जिना चढतो, नातवाला उचलतो तो यांच्या जोरावर. साठ वर्षांच्या शेवटच्या पंगती त्या दोन बेटांच्या किनाऱ्यांवर लिहिलेल्या होत्या, आणि त्या वाचायला यंत्र लागलं.

गंमत अशी, की या झडपेच्या बाबतीत अंगानं भरलेली माणसं काड्यांपेक्षा अधिक तगतात असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कारणांबद्दल डॉक्टरांचा वाद चालू आहे. मला मात्र शेजारच्या गुबगुबीत काकूंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, ज्यांना सगळ्या गल्लीनं आयुष्यभर आत्याचं ताट दाखवून टोमणे मारले होते.

तयारीला वेळ थोडा होता. झडप महिनोन्‌महिने थांबू देणारी नव्हती आणि थांबून पोसत बसण्यात शहाणपणही नव्हतं. हे दोन्ही डॉक्टरनं एकाच वाक्यात सांगितलं आणि चष्मा पुसला. जे काही आठवडे मिळाले ते वहिनीनं, आत्याच्या सुनेनं, ताब्यात घेतले. आहारतज्ज्ञ मुलीनं हिशेब मांडून दिला होता: वजन ४१ किलो, किलोमागे किमान १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास. घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम, कपभर दुधात तेवढेच, आणि आत्याच्या त्या प्रसिद्ध पातळ आमटीत त्याच्या निम्मेही नाहीत. अंडं म्हटल्यावर आत्यानं मुलीकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला. मग घरात मुगाचं कढण आलं, वर तुपाची तार सोडलेलं; नाचणीचं सत्त्व दुधात शिजू लागलं आणि त्याचा मातकट, गोडसर वास सकाळच्या धूपात मिसळला; पोह्यांत दाण्यांचा वर्षाव झाला, ताकाची जागा कवडीदार दह्यानं घेतली, आणि रोज एकदा, वाटीत, पांढरे चौकोनी तुकडे येऊन बसले.

"हे रबर कशाला?" आत्या विचारायची.

"पनीर आहे, आई. औषध समजून घ्या."

संकष्टी आली तेव्हा घरात थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. आजाऱ्याला उपास नाही, हे आत्या साऱ्या गल्लीला सांगत आली होती. पण गल्लीला सांगणं वेगळं. ती बराच वेळ पाटावर बसून राहिली. बाहेर अंगणात वेळेआधीच मोहरलेल्या आंब्यावर मधमाश्यांचा एकसुरी, दाट, झोप आणणारा नाद चालला होता, ताटात दहीभात होता, भातावर मेतकुटाची पिवळी चिमूट होती, आणि एक बाई साठ-पासष्ट वर्षांच्या सवयीला दाराबाहेर उभं करून आपल्याच भुकेची ओळख पटवून घेत होती. मग तिनं एक घास उचलला, आणि तो बाजूला, ताटाबाहेर, पाटाच्या कडेला ठेवला.

गोग्रास. तो चुकत नसे. घरात गाय नव्हती गेली कित्येक वर्षं. वहिनी तो घास गल्लीच्या तोंडाशी फिरणाऱ्या कुठल्याही गाईपुढे टाकून यायची. उपाशी दिवशीही आधी गाईचा घास.

आता ज्या झडपा अशा रीतीनं बसवतात, त्यांतल्या पुष्कळांच्या पाकळ्या गाईच्या हृदयाभोवतीच्या पातळ आवरणातून कापलेल्या असतात. जाळीदार धातूच्या नळीत त्या शिवलेल्या असतात, आणि नळी दाबून, चिमटून, पेन्सिलीएवढी बारीक करून धमनीतून वर चढवतात. फ्रान्समध्ये रुआँ इथे अलाँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ला माणसाच्या हृदयात ती पहिल्यांदा उघडली; आज अशा झडपा आपल्या शेजारी वापीलाही बनतात. आत्याला डॉक्टरनं हे सांगावं की नाही, यावर दादा आणि वहिनी व्हरांड्यात बराच वेळ कुजबुजले. तिनंच विचारलं, "कशाची असते रे ती?" डॉक्टरनं सांगितलं. ती थोडा वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिली. ज्या हातानं रोज घास काढून ठेवला तो हात. मग म्हणाली, "घेतलं ते दिलंच पाहिजे असं नाही म्हणत कुणी. तिनं मात्र दिलं." आणि सहीसाठी अंगठा नको, पेन दे, असं दरडावलं.

झडप उघडायच्या क्षणी हृदयाला मुद्दाम इतक्या वेगानं पळवतात, मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त, की ते नुसतं थरथरतं आणि रक्त पुढे सरकत नाही. काही सेकंद. पडद्यावरची रक्तदाबाची रेघ खाली, जवळजवळ आडवी होते. फुगा फुगतो, जुन्या चुनखडी पाकळ्या भिंतीला चेपल्या जातात, नव्या उघडतात. आम्ही बाहेर होतो, प्लास्टिकच्या निळ्या खुर्च्यांवर, आणि हे सगळं मी नंतर ऐकलं. ऐकताना त्या काही सेकंदांची लांबी मला कुठल्याही घड्याळात सापडली नाही.

ती खरखर गेली. डॉक्टरनं पुन्हा माझ्या कानांना नळी लावली तेव्हा आत दोन स्वच्छ ठोके होते आणि मध्ये मोकळी, कोरी शांतता.

दम गेला, अंधारी गेली, ओठांना रंग आला. पण झडप हा तासाभराचा मामला. मांस घासाघासानं चढतं, आणि ऐंशीच्या पुढे तर रुसून चढतं. खाऊ घातल्यानं खरंच फरक पडतो का, की कुपोषण हे नुसतं मावळतीचं लक्षण आहे, हा प्रश्न मी त्या मुलीला विचारला. तिनं स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांचं सांगितलं: दोन हजारांवर रुग्ण, निम्म्यांना बेतून, माणसागणिक आखून अन्न दिलं, आणि महिन्याभरातले मृत्यू दहा टक्क्यांवरून सातवर आले. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं ते. "ते झडपेचे रुग्ण नव्हते, वेगवेगळ्या आजारांचे होते," तिनं प्रामाणिकपणे जोडलं. शंभरात तीन माणसं, अन्नानं वाचलेली. मला ते पुरेसं वाटलं. कुठलं औषध इतक्या सुवासानं काम करतं?

आता आत्या पहिल्या पंगतीला बसते, नातवंडांबरोबर, आणि तिच्या शेजारी वहिनीचं ताट असतं, कारण "तू बसल्याशिवाय मी बसणार नाही" हा हट्ट आत्यानं रुग्णालयातून घरी आल्या दिवशीच धरला. दादा वाढतो. आमटी सांडतो, पोळी वातड करतो, तव्यावरची भाकरी फुगली तर पोरांना हाका मारून दाखवतो. भाताच्या वाफेवर तूप विरघळताना जो वास सुटतो तो या घरात पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हाताला लागत आला आणि तोंडापर्यंत क्वचित पोचला. आत्या अजूनही तूप वाढून घेताना क्षणभर पुरुषांच्या ताटांकडे बघते. मग बोट भातात घालते.

गेल्या तपासणीला ती आहारतज्ज्ञ मुलगी पुन्हा टेप घेऊन आली. घेर घेतला, परत घेतला, आणि तिचा चेहरा फुलला. साडेअठ्ठावीस.

"अर्धा?" आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "अर्ध्या सेंटिमीटरसाठी एवढं रबर खाल्लं मी?"

मुलगी हसायला लागली. आत्या हसली नाही. तिनं वहिनीच्या पिशवीतून कागद मागवला आणि त्या मुलीशी रीतसर घासाघीस सुरू केली: पनीर आठवड्यातून दोनदाच, त्याबदल्यात रोज कुळथाचं पिठलं, ते चालत नसेल तर डाळीचं, पण लसणीची फोडणी मात्र सोडणार नाही.